उपाशीपोटी पाच किलोमीटर

वर्ध्याच्या कडेला असलेल्या एका खासगी टँकवर सकाळच्या बॅचला जी मोठी माणसं पोहायला येत, त्यांच्यातल्या एकाबद्दलही रक्षा मानापुरेचं मत चांगलं नव्हतं. ती त्यांची कोच होती. मंडळी फी वेळेवर देत, वाकून नमस्कार करत, दिवाळीला सोनपापडीचे डबे आणून देत. तरी तिचं मत बदललं नाही. चाळिशी उलटल्यावर, पोट सुटल्यावर आणि डॉक्टरने डोळे वटारल्यावर ज्याला पाणी आठवतं, त्याला पाण्याने काय म्हणून जवळ करावं, असा तिचा साधा सवाल होता.

त्यात ही मंडळी ट्रायथलॉनच्या नादी लागलेली. आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल हाणायची, आणि सायकल टाकून लगेच धावायचं, असा तो खेळ. बॅचमध्ये दातांचा एक डॉक्टर होता. त्याची सायकल त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षा महाग होती, आणि पाण्यात तो भिंतीवरून वीट पडावी तसा पडे. महसूल खात्यातले एक साहेब होते. त्यांचं मनगटावरचं घड्याळ त्यांना हात किती वेळा फिरला, काळीज किती धडधडलं, रात्री झोप कशी लागली, सगळं सांगे. कोपर पाण्याखाली बुडतंय एवढं मात्र सांगत नसे. ते रक्षाला सांगावं लागे.

"साहेब, पाण्याले काऊन मारून राह्यले तुमी? त्यानं का तुमच्या ऑफिसात अर्ज केला का?"

साहेब हसत. सगळेच हसत. रक्षा हसत नसे. ती काठाकाठाने चालत पुढच्याकडे जाई. शिकवण्यात तिचा हात धरणारं मात्र कोणी नव्हतं. माणूस पाण्यात चार हात मारतो न मारतो तोच याची मान वर आहे, याचे पाय कात्रीसारखे चालतात, हा श्वास कोंडून ठेवतो, हे ती ओळखे. हात लांब टाका, पाणी धरा, मागे सारा, आणि डोकं खाली ठेवा, कारण वर पाहण्यासारखं तिथे काही नाही, एवढंच तिचं शास्त्र. ते ऐकणारा सहा महिन्यांत सरळ पोहायला लागे. तसा तो लागला की रक्षाला त्याचं कौतुक वाटण्याऐवजी आधी इतके दिवस का लावले याचा राग येई.

या सगळ्यांत तिच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपायचा तो प्रफुल्ल. हा केळझरचा. सेलूला त्याचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान. सेहेचाळीस वर्षांचा, रुंद, गोल, सावळा माणूस. तो हळू पोहे, पण थांबत नसे. एवढा एक गुण रक्षाला मान्य होता, आणि तो गुण रेंगीला, म्हणजे छकड्याला, जुंपलेल्या बैलातही असतो असं ती म्हणे. खुपायचं ते त्याचं खाणं. लांब पोहण्याचा दिवस असला की हा गडी टँकच्या काठावर स्टीलचा डबा मांडून ठेवी. डब्यात मीठ लावलेले उकडलेल्या रताळ्याचे तुकडे, केळं, आणि शेजारी बाटलीत गूळ, लिंबू नि मिठाचं पाणी. पोहता पोहता अधूनमधून काठाशी येई, दोन तुकडे तोंडात टाकी, दोन घोट पिई आणि परत निघे. कधी डब्याऐवजी बाजारातलं साखरेच्या घट्ट जेलचं पाकीट असे. दातांनी फाडून ते लहान पोरासारखं चोखी.

"हे काय चाललं, प्रफुल्लभाऊ? पोहाले आले का पंगतीले?"

"पोटाले सवय लावून राह्यलो, मॅडम," तो तोंडातलं गिळून शांतपणे म्हणाला. "शर्यतीच्या दिवशी पोटात नवीन काई घालाचं नसते. जे पचते ते आधीच पाहून ठेवा लागते."

"तुमच्या पोटाले आता आणखी कोणती सवय लावाची राह्यली?"

बॅच खो खो हसली. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव टिफिनभाऊ ठेवलं, आणि ते चिकटलं.

बॅचमध्ये प्रेरणा नावाची डॉक्टर होती, सेवाग्रामला नोकरीला. ती नव्याने शिकत होती, पाण्याला घाबरे, पण बोलायला घाबरत नसे. ती म्हणाली, "मॅडम, ते बरोबर करताहेत. तासाच्या वर पोहायचं असलं की अंगातली साठवण संपायला लागते. मधे साखर पोटात गेली नाही, तर हात चालत नाहीत, आणि त्याच्याही आधी डोकं चालत नाही."

"डॉक्टरीणबाई," रक्षा म्हणाली, "आमी पोहत होतो तेव्हा काळा चहा पिऊन उतरत होतो, अन् मेडल घेऊन बाहेर निघत होतो. तुमी आधी पाण्यात डोळे उघडाले शिका. साठवणीचं नंतर पाहू."

तिला त्यातल्या त्यात बरा वाटे तो अंकित, विमा विकणारा. तो सोळा-सोळा तास काही न खाता राही, पहाटे रिकाम्या पोटी पाण्यात उतरे आणि चरबी जाळतो म्हणून सांगे. बाकी तोही दीडशहाणाच, पण निदान याच्यात कणा आहे, असं रक्षा म्हणे. उपाशी राहू शकणाऱ्या माणसाबद्दल तिला आदर होता. तो तिला कोणी शिकवला होता, ते आता सांगतो.

रक्षाचे वडील बंडूजी मानापुरे यांचं पुलगावला किराण्याचं दुकान होतं. पोरगी तेराव्या वर्षी पाण्यात पडली आणि पाण्याचीच झाली. गावात भैय्याजी म्हणून एक पोहणं शिकवणारे होते. पांढरा पायजमा, गळ्यात शिट्टी, आवाज असा की रस्त्यावरची कुत्री बसायची. त्यांच्या हाताखालच्या पोरी जिल्ह्यात जिंकत, विभागात जिंकत, म्हणून गावात त्यांना मान होता. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. भुकेलं जनावर पळते.

दर रविवारी भैय्याजी पोरींना घेऊन बंडूजींच्या दुकानात येत. तिथे तुरीची, हरभऱ्याची पोती तोलायचा मोठा काटा होता. त्यावर एकेकीला उभं करत. गिऱ्हाईकं बघत उभी राहत, बंडूजी गल्ल्यावर बसून हसत, आणि भैय्याजी वजन मोठ्याने सांगत. जिचं वाढलेलं असे तिला सोमवारी सकाळी न्याहारी नाही. रक्षाचं फार कमी वेळा वाढलं. ती रात्री ताटातली भाकर आईच्या नजरेआड गाईला घालून येई. तिला भूक लागली की अभिमान वाटे. शेजारची पोरगी काट्यावरून रडत उतरली की तिच्याकडे रक्षा अशा नजरेने बघे, जशा नजरेने पुढे तिने अख्ख्या जगाकडे बघितलं.

सतराव्या वर्षी तिने विद्यापीठाच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षी तिची पाळी बंद झाली. आई, प्रमिलाबाई, घाबरून भैय्याजींकडे गेल्या तर ते म्हणाले, "चांगलं झालं, बाई. झंझट गेली." पुढच्या हिवाळ्यात साधं अंगणातून चालताना रक्षाच्या पायाचं हाड मोडलं. पडली नाही, ठेच लागली नाही, मोडलं. जुळून आलं, परत मोडलं. पोहणं तिथे संपलं. भैय्याजींनी एकदाही घरी येऊन पाहिलं नाही. रक्षाने त्याचा दोष आपल्या हाडांना दिला. आपणच कच्च्या निघालो, गुरू पक्का होता, अशी तिची समजूत झाली, आणि ती तिने पंचवीस वर्षं मोडू दिली नाही. पुढे हिंगणघाटला लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ती "माणूस बिनकामाचा होता" या तीन शब्दांपलीकडे बोलत नसे. वडील गेल्यावर पुलगावचं दुकान विकलं, आईला घेऊन ती वर्ध्याला आली, आणि टँकवर कोच म्हणून लागली.

तर त्या वर्षी थंडीत रानवाडीच्या धरणावर शर्यत ठरली. एका बाजूला ट्रायथलॉन आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाच किलोमीटर पोहणं. रक्षाची बॅच तयारीला लागली. प्रफुल्लने पाच किलोमीटरात नाव दिलं. एवढ्यावर भागलं असतं, पण दातांच्या डॉक्टरला काय बुद्धी झाली कोण जाणे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण उतरा ना. आम्हाला दाखवा तरी एकदा."

सगळ्यांनी तेच लावून धरलं. रक्षाला त्यांच्या आग्रहाची किंमत नव्हती. पण प्रफुल्लचं नाव यादीत आहे आणि आपलं नाही, हे तिला झोंबलं. तिने नाव दिलं.

तिने सराव केला, पण तो असा की बॅच गेल्यावर टँकमध्ये उतरायचं, जुन्या आठवणीवर हात मारायचे आणि अंग अजून ऐकतं आहे याचं समाधान करून घ्यायचं. तिचा हात अजूनही इतका सुरेख पडे की पाण्याला कळू नये. तासभर पोहून ती बाहेर येई आणि तिला वाटे, पाच किलोमीटर म्हणजे यातलंच थोडं पुढे. तासाच्या पुढे काय असतं हे तिने त्या वयात कधी पाहिलं नव्हतं, कारण तिच्या त्या वेळच्या शर्यती काही मिनिटांत संपणाऱ्या होत्या. हा फरक प्रेरणाने एकदा बोलून दाखवला, तेव्हा रक्षाने तिला किक मारायला पाठवून दिलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मंडळी पोटभर भात-वरण जेवली, तेही तेलकट काही न घेता, ठरवून. रक्षाने थोडी मेथीची भाजी खाल्ली. पहाटे प्रफुल्ल आपल्या गाडीतून तिला घ्यायला आला, तर शर्यतीला तीन तास असतानाच त्याचा नाश्ता उरकलेला होता: गूळ घातलेला दलिया, केळं. वाटेत केळझरला त्याने गणपतीला हात जोडायला गाडी थांबवली. रक्षा गाडीतच बसून राहिली. पुजाऱ्याने दिलेला प्रसाद त्याने तिच्यापुढे धरला.

"घ्या मॅडम. थोडी साखर जाईन पोटात."

"तुमच्या देवालेबी तुमी खाण्याच्या कामालेच लावलं," ती म्हणाली, आणि काळ्या चहाचा थर्मास उघडला.

धरणावर धुकं होतं. पाणी थंड होतं, काठावर पाय ठेवला तर पोटरीपर्यंत कळ जाई. पाण्यावर तरंगणाऱ्या, भोपळ्यासारख्या नारिंगी बोयांचा गोल आखलेला होता, त्याला तीन फेऱ्या मारायच्या. गोलाच्या एका टोकाला नाव उभी होती. तिच्यावरून पोहणाऱ्यांना कोमट साखरपाणी, मिठाचं पाणी, केळ्याचे तुकडे देत होते. कोणाला मदत लागली तर म्हणून लहान, अरुंद होड्या वल्हवत कयाकवाले पाण्यात फिरत होते. काठावर तंबूत डॉक्टर म्हणून प्रेरणा बसली होती. तिला अजून एवढं पोहता येत नव्हतं.

शिट्टी झाली आणि रक्षा सुटली. पहिल्या फेरीत तिच्या पुढे एकही बाई नव्हती, पुरुषही मोजके. मागे लोक एकमेकांच्या अंगावर हात आपटत होते आणि ती त्यांच्यातून सुरी निघावी तशी निघाली. नावेपाशी आली तर तिथे चार-पाच जण पाण्यात उभे होते, पेले तोंडाला लावून, लग्नातल्या वऱ्हाडासारखे. तिने तोंड फिरवलं आणि पुढे गेली. दुसऱ्या फेरीतही तेच केलं. एका पोराने पेला पुढे केला, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो मागे घेतला.

तिसऱ्या फेरीत आधी बोटं गेली. गेली म्हणजे, होती, पण दुसऱ्या कोणाची असल्यासारखी. ती पाणी धरेनात. मग खांदे जड झाले. हे तिला ओळखीचं होतं, हे भैय्याजींच्या शिट्टीने पळून जायचं, म्हणून तिने दात आवळले आणि हात मारत राहिली. बऱ्याच वेळाने डोकं वर काढलं तर समोर बोया नव्हता. झुडपं होती. तिला वाटलं, कोणी तरी बोया हलवला. तिला त्या माणसाचा भयंकर राग आला. मग आपण कुठे चाललो होतो हेच तिला नीट आठवेना, आणि त्याचंही तिला विशेष काही वाटेना. थोडं झोपावं असं वाटलं.

"मॅडम. बोया तिकडे हाय."

बाजूला प्रफुल्ल होता, अजून दुसऱ्याच फेरीतला. रांगेतून बाहेर, आपली वाट सोडून तो तिच्यामागे आला होता.

"मले शिकवतं का रे तू?" ती म्हणाली. म्हणजे तिला असं म्हणायचं होतं. तोंडातून जे निघालं त्याचा अर्थ लागत नव्हता.

तो जवळ आला, पण अंगाला हात न लावता. "मॅडम, आज वार कोणता?"

रक्षाने विचार केला. खरोखर केला. वार कुठेच नव्हता.

प्रफुल्लने हात वर करून कयाकवाल्याला हाक दिली. मग आपल्या पोहण्याच्या पोशाखाच्या बाहीतून जेलचं पाकीट काढलं, दातांनी फाडलं आणि तिच्या तोंडाशी धरलं. "चोखा."

तिने चोखलं. कयाक येईपर्यंत तो तिच्याजवळ उताणा तरंगत राहिला. तिला कयाकवर ओढून घेतल्याचं बघितलं, आणि मग आपल्या त्या संथ, गोल, चिडवणाऱ्या हाताने बोयाकडे निघून गेला. त्याने शर्यत पुरी केली. शेवटून दुसरा आला.

तंबूत प्रेरणाने तिला ब्लँकेटात गुंडाळलं, गरम गोड चहा पाजला, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, परत पाजला. शुद्ध नीट आल्यावर रक्षाला पहिली जी गोष्ट कळली ती ही, की तिला टिफिनभाऊने काढलं. त्यापेक्षा बुडालेलं बरं होतं असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"सकाळपासून काय खाल्लं, मॅडम?"

"चहा."

"रात्री?"

"भाजी." मग ती छाती काढून म्हणाली, "आमाले सवय हाय. आमचे भैय्याजी..."

आणि तिने सांगितलं. प्रेरणा विचारत गेली, हाड कधी मोडलं, पाळी केव्हा गेली, किती दिवस, आणि रक्षा सांगत गेली, जसं माणूस आपल्या घराण्याच्या मोठेपणाबद्दल सांगतो. पोत्यांचा काटासुद्धा सांगितला. सांगून झालं तेव्हा प्रेरणाने लिहायचं थांबवलं होतं.

"हाडं कच्ची नव्हती तुमची," ती म्हणाली. "पोरीला खायला दिलं नाही तर आधी पाळी जाते, मग हाडं जातात. पुस्तकात पहिल्या पानावर असतं हे. तुमच्यासोबत कोणी केलं हे?"

कोणी केलं, हा प्रश्न रक्षाला आजवर पडलाच नव्हता.  ती ब्लँकेट बाजूला टाकून उठली आणि प्रफुल्लच्या गाडीत न बसता एसटीने घरी गेली.

तीन आठवडे तिने तो प्रश्न डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. मग एका रविवारी आईला घेऊन पुलगावला गेली. आईला तिथे बहिणीकडे जायचं होतं. तिला बहिणीच्या घरी सोडून रक्षा एकटी भैय्याजींकडे गेली. पंचवीस वर्षांत तिने दर गुरुपौर्णिमेला त्यांना फोन केला होता, गेली मात्र नव्हती.

भैय्याजी ओसरीत खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेला लहानसा म्हातारा. सून वाटीतून शिरा भरवत होती, आणि ते घास संपायच्या आत पुढच्यासाठी तोंड उघडत होते. मिशीला तूप लागलं होतं. सून म्हणाली, "बसा ताई. यांचं हे असंच हाय. दर घंट्याले खायाले लागते."

भैय्याजींनी रक्षाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "कोण, आचल का? जाड झाली तू."

"आचल नाई. रक्षा. बंडूजीची."

"हो हो. जाड झाली."

रक्षा समोरच्या खुर्चीवर बसली. "भैय्याजी, एक विचाराचं होतं. आमाले उपाशी काऊन ठेवत होते तुमी?"

"भुकेलं जनावर पळते," ते लगेच म्हणाले. ते वाक्य अजून शाबूत होतं.

"पण आमी पळत नव्हतो. पोहत होतो. हे तुमाले कोणं सांगतलं होतं? कुठी वाचलं होतं?"

म्हातारा गोंधळला. सुनेकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाचाचं काय त्याच्यात? सगळेच करत होते. जिंकल्या ना तुमी?"

"माझं हाड मोडलं. दोनदा."

"तुझं का? नाई, थे दुसरी होती." त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. सुनेने घास दिला.

रक्षा त्यांना खाताना पाहत बसली. एवढी वर्षं तिने जगातल्या माणसांना कमी लेखलं, ते या माणसाच्या मापाने. आणि या माणसाला काही येत नव्हतं. म्हातारपणामुळे नव्हे, कधीच येत नव्हतं. पाण्यातलं येत असेल थोडंफार. पोरींबद्दल, अंगाबद्दल, भुकेबद्दल शून्य. एक वाक्य आणि एक शिट्टी यांच्यावर त्याने तीस वर्षं काढली आणि गाव त्याला नमस्कार करत राहिलं. महसूलच्या साहेबांचं घड्याळ याच्यापेक्षा हुशार होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आली ती तुच्छता, तिच्या चांगल्या ओळखीची, फक्त या दिशेला ती पहिल्यांदा वळत होती.

"येतो," ती म्हणाली आणि उठली. सुनेने सवयीने सासऱ्याचे पाय खाटेखाली सोडले, नमस्काराला सोपं जावं म्हणून. रक्षा तशीच पायऱ्या उतरून गेली.

परतताना बसमध्ये प्रमिलाबाईंनी विचारलं, "पाया पडली का भैय्याजीच्या?"

"नाई."

प्रमिलाबाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "मी तुले रातच्या टायमाले चोरून दूध द्याची. याद हाय?"

"नाई."

"दोन-चार दिस पेली तू. मंग तूच भैय्याजीले सांगून देल्लं, आई दूध पाजते म्हून. त्यानं दुकानात येऊन तुह्या बापाले सांगतलं. सगळ्या गिऱ्हाइकासमोर बोलले मले."

रक्षाला आठवलं नाही. पण आपण तसं केलं असणार याबद्दल तिला शंका वाटली नाही. त्या पोरीला ती चांगली ओळखत होती. बस वर्ध्याला आली. स्टँडवर उतरल्यावर रक्षाने आईची पिशवी आपल्या हातात घेतली.

पुढच्या आठवड्यात बॅच सुटल्यावर तिने प्रफुल्लला थांबवून घेतलं. आभार मानणं तिला जमणारं नव्हतं. ते तिने केलं नाही.

"ते तुमचं रताळं-बिताळं," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पाण्यात कसं खाता? घशात पाणी नाई जात?"

प्रफुल्लच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, पण त्याने ते लगेच गिळलं. गिळण्यात तो पटाईतच होता. "उताणं व्हाचं मॅडम, पाय हलवत राह्याचं. पह्यले पातळ. चोखाचं, घोट घ्याचा, मंग पलटाचं. रताळं लय पुढचं."

सोपं निघालं नाही. जिचा हात पडलेला पाण्याला कळत नसे, तिला चालत्या पाण्यात चार घोट पिता येईनात. पहिल्या दिवशी नाकात गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं उलटलं, तेही साहेबांच्या लेनमध्ये. गोड पाणी पोटात गेलं की तिला मळमळे, आणि मळमळीपेक्षा जास्त लाज वाटे. सकाळी पोहण्याआधी खाणं तर त्याहून अवघड. घास तोंडापर्यंत आला की काट्यावरचा रविवार आठवे. प्रमिलाबाई ताट समोर ठेवून आत निघून जात, बघत बसत नसत. महिनाभराने पोट ऐकायला लागलं. उन्हाळ्यापर्यंत ती दीड-दोन तास पोहायला लागली आणि शेवटच्या हातालाही पाणी धरलं जाऊ लागलं. हे केव्हा तरी व्हायला हवं होतं, असं तिने कोरडेपणाने प्रेरणाला सांगितलं. प्रेरणाला तोवर पाण्यात डोळे उघडता यायला लागले होते.

एका पहाटे अंकित नेहमीसारखा आला. डोळे खोल, ओठ कोरडे, चेहऱ्यावर तपश्चर्या. त्या दिवशी लांबचा सराव होता.

"काय खाल्लं?" रक्षाने विचारलं.

"काहीच नाही मॅडम. कालपासून. एकदम हलकं वाटतंय."

"निघा बाहेर."

"मॅडम, चरबी जळते ना पण..."

"नाक्यावर पोहेवाला बसते. खाऊन, पचवून मंग येजा. पाण्यात तुमाले काई झालं तर तुमच्या बायकोले मी काय सांगू? चरबी जाळून राह्यलते म्हून?"

"पण मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाल्या होत्या, कणा लागतो म्हणून."

"मागच्या वर्षी मले अक्कल नव्हती," रक्षा म्हणाली, इतक्या तुच्छतेने, की ती अंकितबद्दल बोलते आहे असंच सगळ्यांना वाटलं.

टिफिनभाऊ हे नाव तिने बंद केलं. कोणी म्हटलं तर त्याला जास्तीच्या फेऱ्या पडत. बाकी तिच्या जिभेत फरक पडला नाही. मंडळी जशी होती तशीच होती, वीट विटेसारखी पडत होती, घड्याळ बोलत होतं आणि कोपर बुडत होतं.

त्या हिवाळ्यात ती परत रानवाडीला गेली. आदल्या संध्याकाळी वरण-भात जेवली, पहाटे गुळाचा दलिया खाल्ला, तोंड वाकडं करून, पण वाटी संपवली. पहिल्या फेरीत पुढे गेली नाही. नावेपाशी थांबली, पेला घेतला, पाठीवर वळून प्याली, आणि नावेतल्या माणसाला साखर जास्त पडल्याचं सांगून पुढे निघाली. दुसऱ्या फेरीलाही थांबली. तिसऱ्या फेरीत खांदे दुखले, बोटं गारठली, पण ती तिचीच होती आणि बोया जागच्या जागी होता.

बायकांमध्ये ती चौथी आली. बॅचने टाळ्या वाजवल्या, दातांच्या डॉक्टरने फोटो काढले. प्रमिलाबाई पहिल्यांदाच शर्यत बघायला आल्या होत्या. त्यांनी शाल घेऊन लेकीचे खांदे झाकले. रक्षा वाळूत बसून केळं सोलत होती आणि शेजारी अंग पुसत असलेल्या तिसऱ्या आलेल्या बाईकडे बारकाईने बघत होती.

"हिची किक पाह्यली का?" ती आईला हळूच म्हणाली. "गुडघ्यातून मारते. अन् म्हणे तिसरी."